बारा वाजेपर्यंत थांबलेली गाडी

गाड्या आपसांत बोलायच्या त्या काळी एका शेडमध्ये सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी आली. मालकीण रोज संध्याकाळी तिची वायर सॉकेटला लावायची आणि सकाळी काढायची. चार्जिंग शून्य.

"बॅटरी मेलीय. भंगारात घाला," म्हातारी डिझेल जीप म्हणाली. तिनं गाडीला विचारलं काहीच नव्हतं. मोठ्यांना एखादी गोष्ट कळली नाही, की ते तिला मेलेली ठरवून मोकळे होतात.

मालकिणीलाही तसंच वाटलं आणि भंगारवाल्याला निरोप गेला. तो येणार होता त्या सकाळी तिनं रागानं वायरही काढली नाही.

सॉकेटनं हळूच विचारलं, "ताई, वीज घेत का नाहीस गं?"

"जुन्या घरी छतावर सोलर होतं. दुपारी बाराला ऊन चढलं की वीज घ्यायची, असा टायमर लावलाय. तो कुणी काढलाच नाही."

"पण मी हळू देतो. तासाभरात वीसेक किलोमीटर धावण्यापुरतीच."

"पुरे की रे."

भंगारवाल्यानं येऊन गाडीला दोर बांधला आणि बारा वाजले. खट् झालं. हिरवा दिवा लागला. ना इंजिनाची घरघर, ना धूर, तरी गाडी भरत होती. भंगारवाल्यानं बांधलेला दोर सोडला.

चाळीस वर्षं धूर ओकणाऱ्या जीपनं पहिल्यांदाच विचारलं, "पोरी, इतके दिवस तू उन्हाची वाट बघत होतीस?"

"हो आजी. तुम्ही विचारलंच नाहीत."