सगुणा कासारणीचा सोनचाफा

भाविकहो, नदीकाठच्या हिवरखडी गावात निवांत महाराजांचा तो पहिलाच चातुर्मास. घाटावरच्या धर्मशाळेत त्यांचा मुक्काम होता. महाराज रोज एका घरी जेवायला जात आणि ज्या घरी जात, तिथे चार दिवस सण असल्यासारखं वाटे.

महाराजांनी एकदा आपल्याकडेही जेवावं, असं सगुणा कासारणीला फार वाटायचं. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन दारोदार हिंडायचं आणि पोटापुरतं मिळवायचं. गावातल्या एकूण एक सुनेचा हात तिच्या हातातून गेलेला. पण महाराजांपुढे गेलं की ती नुसता नमस्कार करून परत फिरे. शेवटी आषाढ सरता सरता तिनं धीर केला.

"महाराज, माझ्या घरी दोन घास खायला याल का वो?"

महाराज प्रसन्न हसले. "येईन की! अंगणात काय लावलंयस?"

"काय न्हाई. नुसता मुरूम हाय."

"मग सोनचाफा लाव. त्याला फूल आलं की फुलाखाली पान वाढ. कार्तिकी पौर्णिमेला मी गाव सोडणार, त्याच्या आत."

सगुणाबाई पळतच देसायांच्या बागेत गेली. अनंतराव देसायांच्या बागेसारखी बाग पंचक्रोशीत नव्हती. झाडांतलं त्यांना खरोखर कळायचं, आणि कळतं याची घमेंडही तेवढीच होती. त्यात महाराज अजून त्यांच्या दारी आले नव्हते, ते एक शल्य होतंच. महाराजांचा शब्द ऐकून ते खो खो हसले.

"अगं, बीपासून केलेल्या चाफ्याला फूल यायला सात-आठ वर्षं लागतात! महाराजांनी तुला गोड बोलून नाही म्हटलंय, एवढंही कळेना तुला?"

शब्द काळजाला लागला. पण सगुणाबाई पदर सावरून म्हणाली, "महाराज खोटं बोलायचे न्हाईत. रोप तेवढं द्या."

देसायांनी गंमत म्हणून वीतभर उंचीचं रोप दिलं. तिनं दोन दिवस पहार चालवून मुरूम फोडला, नदीवरून पाट्या भरभरून गाळाची माती आणली, शेणखत घातलं आणि श्रावणातल्या पहिल्या सोमवारी रोप लावलं. रोपानं जीव धरला. भाद्रपदात ते कमरेएवढं झालं, पानं लखलखायला लागली.

आणि इथेच घात झाला! महाराज या झाडाखाली जेवणार, ही बातमी गावभर झाली. मग काय, बायकांची रीघ लागली. कुणी अभिषेकाचं तीर्थ आणलं, कुणी दूध, कुणी पंचामृत. जी ती येऊन चाफ्याच्या बुडाशी ओतू लागली. आधीच पावसाचे दिवस. सगुणाबाईला दिसत होतं की माती रबरबीत झाली आहे, वास मारते आहे. पण जिच्या हातात आपण चुडा भरला, तिचा हात कसा धरायचा? तिनं ओतू दिलं.

दिवाळीपर्यंत झाड बोडकं झालं. पानं पिवळी पडून गळाली, नुसती काठी उरली. दिवाळी सरल्यावर देसाई मुद्दाम बघायला आले. दोन बोटांनी माती उचलून त्यांनी हुंगली.

"मुळं कुजली. भक्ती करून करून मारलंत झाड! आता महाराजांना काय, सरपणाखाली बसवणार?"

भोवतीच्या बायकांनी माना खाली घातल्या. सगुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पौर्णिमेला चारच दिवस राहिले होते. ती तशीच घाटावर गेली आणि महाराजांपुढे रडली.

"महाराज, झाड गेलं. चूक माझी हाय. मलाच राखता आलं न्हाई."

"आणि ज्यांनी दूध ओतलं त्या?" महाराजांनी विचारलं.

"त्यांनी मायेनं घातलं. त्यांना बोल लावू नगा."

महाराजांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, "सगुणा, उद्या दुपारी स्वयंपाक कर. मी येतो."

"पर फूल?"

"झाड लावायचं काम तुझं होतं, ते तू केलंस. पुढचं माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी अर्धं गाव त्या अंगणात. देसाईही आले होते, मिशीत हसत. सगुणाबाईनं भाकरी, वांग्याचं भरीत, मुगाची आमटी केली होती. ऊन मी म्हणत होतं. महाराज त्या बोडक्या काठीशेजारी मांडी घालून बसले. पान वाढून झालं, तरी त्यांनी घास उचलला नाही. डावा हात त्यांनी चाफ्याच्या बुडाशी मातीवर टेकवला आणि डोळे मिटले.

आधी आला तो वास. गोड, दाट, सगळं अंगण भरून टाकणारा! देसायांनी वळून आपल्या बागेकडे पाहिलं. पण कार्तिकात त्यांच्या एकाही चाफ्यावर फूल नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांची नजर परत फिरली, तेव्हा काठीच्या टोकाला हिरवी कळी फुगत होती. बघता बघता ती पिवळी झाली आणि पाकळी पाकळी सुटून महाराजांच्या मस्तकावर सोन्यासारखं फूल उमललं. काय ते भाग्य त्या अंगणाचं! बायका रडू लागल्या. महाराजांनी डोळे उघडले, भाकरीचा तुकडा मोडला आणि भरिताला लावून तोंडात घातला.

"छान झालंय गं," एवढंच ते म्हणाले.

अनंतरावांचं आयुष्यभराचं शहाणपण त्या एका फुलानं गप्प केलं होतं. पागोटं काढून ते महाराजांच्या पायांवर पडू गेले, तर महाराजांनी पाय मागे ओढून घेतले.

"अनंतराव, मी इथला पाहुणा. यजमानीण तिकडे उभी आहे."

सारं गाव बघत होतं. देसाई उठले, हातात आमटीची पळी घेऊन उभ्या असलेल्या सगुणा कासारणीपुढे गेले आणि मुरमाच्या त्या अंगणात त्यांनी तिच्या पायांवर कपाळ टेकलं.

"अवो देसाई, उठा! ह्ये काय करताय?" ती पुरती गोंधळली.

डोकं न उचलताच अनंतराव म्हणाले, "सगुणाबाई, मलाही पान वाढाल का?"