मानाची नाडी

एका राज्यात नाडीलाही मान होता. रोज सकाळी राजवैद्य महालात जात, राजाच्या मनगटावर बोटे टेकवत आणि महाराज खुशाल आहेत असे सांगत. मग बालेकिल्ल्यावरचा नगारा झडे. तो ऐकून वेशीवरचा झडे, वेशीवरचा ऐकून पुढच्या गावचा, आणि असा तो नाद डोंगर ओलांडत, नद्या ओलांडत सीमेला पोचे. नगारा कानी पडल्यावरच त्या राज्यातले वैद्य रोग्याला हात लावत. आधी राजाची नाडी, मग प्रजेची. हिलाच मानाची नाडी म्हणत. हा नियम कोणी घातला ते कोणाला आठवत नव्हते, आणि तो मोडावा असे कोणाच्या मनात येत नव्हते.

एका वर्षी त्या राज्यात तापीण आली. तापीण म्हणजे लाल डोळ्यांची, अनवाणी बाई. ती उंबऱ्यात उभी राही, पाणी मागे, आणि ज्या घरी पाणी पिई त्या घरी ताप ठेवून जाई. तिचा ताप लबाड. पहिल्या दिवशी अंग तापत नसे, डोके दुखत नसे, फक्त नाडी चालता चालता अडखळे. त्या दिवशी ओळखला तर काढ्याने उतरे. दुसऱ्या दिवसावर गेला तर माणूस हाती लागत नसे.

राजा म्हातारा होता आणि भित्रा होता. त्याने होडी मागवली, तळ्यातला किल्ला गाठला आणि कोणालाही येऊ दिले नाही, राजवैद्यालाही नाही. राजाची नाडी पाहिली गेली नाही. नगारा झडला नाही. गावोगावचे वैद्य औषधाची झोळी मांडीवर घेऊन, डोंगराकडे कान लावून बसले.

"येतो हो," ते दारी आलेल्यांना सांगत. "नगारा होऊ द्या, पहिला तुमच्याच घरी येतो."

आणि ते खोटे बोलत नव्हते. खरेच पहिले तिथेच गेले असते.

सीमेवरच्या गावात रेवा नावाची जादूगारीण राहत होती. धुक्याचे दोर वळावेत, वाहती नदी क्षणभर थोपवावी, एवढी तिची विद्या. पण तापापुढे ती चालत नव्हती. तिने तापाने धरलेली आपली मुलगी उचलली आणि वैद्याच्या ओसरीवर आणून ठेवली. वैद्य हाताच्या अंतरावर बसला होता. तो रडत होता, पण नगाऱ्याची वाट पाहत होता. मुलीने त्याच ओसरीवर प्राण सोडला.

रेवा उठली आणि म्हणाली, "ज्या बोटांनी वाट पाहिली, त्या बोटांना यापुढे काही कळू नये."

त्याच क्षणी राज्यातल्या सगळ्या वैद्यांची बोटे बधिर झाली. त्यांच्या स्पर्शाची जाण रेवाने गोळा केली, एका रांजणात भरली आणि वर दगडी झाकण घातले.

तापीण पोटभर फिरली आणि जाताना सीमेवर सांगून गेली, "पळस फुलला की पुन्हा येईन." म्हातारा राजा तळ्यातल्या किल्ल्यातच भीतीने मेला. त्याचा मुलगा सुधन्वा गादीवर बसला. त्याने ओस पडलेल्या धर्मशाळांचे दवाखाने केले, विहिरी उपसल्या, गावोगाव औषधी झाडे लावली. सगळे झाले, पण नाडी पाहणार कोण?

राजवैद्य चंद्रमौळी यांची मुलगी उत्पला समुद्रापलीकडच्या विद्यापीठात शिकत होती. बातमी पोचली तशी ती मिळेल त्या गलबताने परतली. घरात पाऊल ठेवते तो वडील चुलीवरचा काढा ढवळत होते, आणि त्यांचा हात तापल्या पातेल्याला टेकलेला होता.

"बाबा, हात भाजतोय तुमचा!"

"हो का?" चंद्रमौळींनी हात उचलून पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "भाजलाय खरा."

उत्पला तेव्हा राज्याबाहेर होती म्हणून शाप तिला लागला नव्हता. साऱ्या राज्यात जाणती बोटे आता तिचीच. दुसऱ्याच दिवशी तिने दवाखान्याच्या ओट्यावर आसन मांडले. तिची विद्या खरी होती आणि तळमळही खरी होती. लोक आले. रांग नदीपर्यंत गेली, मग नदीपलीकडे गेली. ती उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत नाड्या पाही, आणि रांग सकाळच्यापेक्षा लांब झालेली असे. साधा खोकला झालेले तिच्यापर्यंत पोचत. जे खरे आजारी होते ते रांगेतच आडवे होत.

समोरच्या कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसला. त्याने मान वाकडी केली आणि म्हणाला, "बाई, राज्य मोठे आणि बोटे दहा."

"मग काय करू?"

"मला कशाला विचारतेस? मी पक्षी. माझ्या घरट्यात कोणी आजारी पडले तर मी उडून दुसरे बांधतो. जिने शाप दिला तिला विचार."

"वाट दाखवशील?"

"दाखवीन. पण वाटेत विद्यापीठाच्या गोष्टी सांगू नकोस. रांगेत बसून सगळ्या ऐकल्यात मी."

भारद्वाज पुढे, उत्पला मागे, अशी ती सीमेवर पोचली. रेवाची झोपडी नदीकाठी होती. कोपऱ्यात रांजण होता आणि त्यातून खूप काळजे एकदम धडधडावीत तसा आवाज येत होता.

"राजवैद्याची लेक ना तू?" रेवाने विचारले. "शाप उतरवायला शिकवतात का तुझ्या विद्यापीठात?"

"नाही. नाडी पाहायला शिकवतात."

"मग माझी पाहा."

उत्पलाने तिचे मनगट हातात घेतले आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवायला बसत नाही. उभ्यानेच चार घास खाता. आणि मुलगी गेल्यापासून कोणी तुमच्या हाताला हात लावलेला नाही."

रेवाने हात लगेच काढून घेतला नाही. मग ती म्हणाली, "तीन कामे सांगते. ती झाली की शाप उतरेल. पहिले कर, मग दुसरे विचार. तुझ्या राजाने आपल्या हाताने नगारा फोडावा, आणि यापुढे आपली नाडी सगळ्यांच्या मागून दाखवावी."

उत्पला राजधानीत परतली. दरबार भरला. काम ऐकून म्हाताऱ्या प्रधानांची पगडी हलली.

"महाराज, राजाची नाडी शेवटी? उद्या म्हणाल, महालातली स्वयंपाकीण आपल्याआधी जेवेल."

"जेवू दे," सुधन्वा म्हणाला. "ती पहाटे उठते. तिला भूक आधी लागत असेल."

तो बालेकिल्ल्यावर गेला आणि तलवारीच्या एका घावात त्याने नगारा फोडला. त्या दिवशी संध्याकाळी तो दवाखान्याच्या बाकावर सर्वांच्या मागे जाऊन बसला. शेजारच्या आजीबाईंना दिसत कमी होते. त्या म्हणाल्या, "जरा सरक रे बाबा, एकट्यालाच बाक दिलाय का?" राजा सरकला. असा राजा त्या राज्याने यापूर्वी पाहिला नव्हता.

उत्पला पुन्हा रेवाकडे गेली.

"दुसरे काम," रेवा म्हणाली. "बोटे गेल्यावर गावे सोडून राजधानीत गर्दी करून राहिलेल्या वैद्यांनी गावोगाव जाऊन राहावे. सीमेपर्यंत. बधिर बोटांनिशी."

हे काम राजापेक्षा वैद्यांना जड गेले. "बोटे गेलेला वैद्य म्हणजे तार तुटलेली वीणा," एकजण म्हणाला. "लोक हसतील." सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेव्हा चंद्रमौळी उठले. त्यांनी राजवैद्याची शाल उतरवून घडी केली आणि म्हणाले, "हसू देत. आपण बसून राहिलो तेव्हा त्यांना रडताना ऐकलेच ना? सीमेवरचे गाव माझे."

मुलगी बापाबरोबर निघाली. सीमेवरच्या पाणवठ्यावर बायका कपडे धूत होत्या. त्यांतल्या शेवंताने पदर खोचला आणि हाक मारली, "या या, वैद्यबुवा! नगारा कुठे विसरलात?"

"फोडला, बाई," चंद्रमौळी म्हणाले.

"आणि बोटे?"

"तीही गेली."

"मग राहिले काय?"

"कान राहिलेत."

शेवंताने हातातले लुगडे पिळले, झटकले. "मग बसा त्या दगडावर," ती म्हणाली. "आमच्याकडे सांगायला पुष्कळ आहे."

चंद्रमौळी बसले. नाडी लागत नव्हती म्हणून विचारावे लागले: दुखणे कधीपासून, पाणी कुठले, घरी पाहुणा कोण आला होता. इतकी वर्षे मनगट हाती आले की ते तोंड मिटून घेत. आता ते ऐकू लागले. जे चंद्रमौळींनी केले तेच इतर वैद्यांनी आपापल्या गावी केले. गावकऱ्यांनी विहिरींना कठडे बांधले, पाणी उकळून पिण्याची सवय लावून घेतली, आणि घरी कोणी आजारी पडले तर दाराला पिवळे फडके बांधायचे ठरवले. पिवळे फडके दिसले की शेजारी पुढच्या गावाला कळवी, ते त्याच्या पुढच्याला. पूर्वी नगारा राजधानीतून सीमेकडे जाई. आता निरोप सीमेवरून राजधानीकडे येऊ लागला. उत्पला गावोगाव फिरत होती, आणि घरे, विहिरी, माणसे अशी एकमेकांना जोडली जाताना पाहून तिचा ऊर भरून येत होता.

पण रानातल्या पळसाला कळ्या धरल्या. पहिल्या दिवशीचा ताप डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळत नाही. त्याला बोटेच हवीत.

ती वडिलांना घेऊन रेवाच्या झोपडीत गेली. "मावशी, तिसरे काम सांगा."

रेवाने रांजणाकडे बोट दाखवले. "हे झाकण माझ्याच्यानेही निघत नाही. जाणत्या बोटांनीच ते उघडते, आणि उघडणारी बोटे पुन्हा कधी जाणती होत नाहीत. राज्यात जाणती बोटे तुझीच आहेत."

उत्पलाने आपली बोटे उघडून पाहिली. समुद्रापलीकडची वर्षे तिला आठवली. आंधळ्याने वाचावे तशी ती मनगटे वाचायला शिकली होती. तिच्याजवळ दुसरे काही नव्हते, आणि तिला दुसरे काही नको होते.

"नको उघडूस," रेवा हलकेच म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात धार नव्हती. "तरीही तू या राज्याची एकमेव वैद्य राहशील. लोक तुझ्या पाया पडतील."

"ती रांग पाहिली आहे मी," उत्पला म्हणाली. "पायापर्यंत पोचण्याआधी माणसे मरतात."

मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, हात द्या."

तिने चंद्रमौळींच्या मनगटावर बोटे टेकवली आणि एखादे आवडते गाणे पूर्ण ऐकावे तशी ती नाडी ऐकत राहिली.

"कशी आहे?" त्यांनी विचारले.

"थकली आहे. पण तालात आहे."

तिने त्यांचा हात सोडला आणि दोन्ही हातांनी झाकण उचलले.

रांजणातून सावरीच्या म्हाताऱ्यांसारखे पांढरे, हलके काहीतरी थव्याने बाहेर पडले, झोपडीच्या दारातून निघाले आणि चारी दिशांना गेले. डोंगरातल्या एका गावात एक वैद्य गरम तपेली धरून उभा होता. तो "मेलो, मेलो!" म्हणून ओरडला आणि मग आनंदाने नाचू लागला. चंद्रमौळींनी जागी झालेली बोटे रेवाच्या मनगटावर टेकवली. ज्या वैद्यांनी तिच्या मुलीला हात लावला नव्हता, त्यांचा राजवैद्य आता तिची नाडी पाहत होता. रेवा खाली बसली आणि मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

उत्पलाच्या हातातले दगडी झाकण निसटून तिच्या बोटांवर पडले. तिला ते कळले नाही.

पळस फुलला. भर दुपारी तापीण सीमेवर आली. पहिले घर शेवंताचे होते.

"पाणी दे गं बाई," तापीण म्हणाली.

"देते की. पण पाणी उकळलेले आहे, आणि ओंजळीत वरून ओतीन, भांडे द्यायची नाही," शेवंता म्हणाली. "कुठून आलीस? वाटेत कोणाकडे थांबलीस?"

तापिणीला असे कोणी विचारले नव्हते. ती ओंजळभर पाणी प्यायली आणि शेवंताच्या नवऱ्याच्या खांद्याला निसटता हात लावून ती पुढे गेली. शेवंताने लगेच दाराला पिवळे फडके बांधले. चंद्रमौळी धावत आले. नवरा ठणठणीत दिसत होता, "मला काय झालंय? उगाच धावपळ," म्हणून हसत होता. चंद्रमौळींनी त्याची नाडी धरली. ती चालत होती, चालत होती, आणि अडखळली.

"काढा घ्या," ते म्हणाले. "आत्ता."

तापीण दुसऱ्या गावी पोचण्याआधी निरोप पोचला होता. तिथेही उकळलेले पाणी होते, तिथेही कुठून आलीस म्हणून विचारणारे होते, आणि जिथे तिने ताप ठेवला तिथे पहिल्याच दिवशी कोणाची तरी बोटे त्या अडखळत्या नाडीवर टेकली. गावामागून गाव तेच. दिवस कलता कलता ती दमून एका झाडाखाली आली. तिथे उत्पला बसली होती.

"या राज्यात कोण मोठा वैद्य आलाय?" तापिणीने विचारले.

"कोणी नाही."

"मग तू काय केलेस?"

"मी? मला तर नाडीही लागत नाही," उत्पला म्हणाली आणि आपली बोटे पुढे केली. "धरून पाहा हवी तर."

तापिणीने ती बोटे पाहिली, पण धरली नाहीत. या एकीची बोटे गेली म्हणून गावोगावची जागी आहेत, हे तिला उमगले. तिने पाठ फिरवली आणि आली त्या वाटेने निघून गेली. ती त्या राज्यात पुन्हा आली नाही.

सुधन्वाने उत्पलाला राजधानीत पाठशाळा बांधून दिली. तिथे नवे वैद्य शिकू लागले. पहिल्या धड्याला प्रत्येकजण तिचेच मनगट हातात घेई, आणि ती विचारी, "सांगा, काय लागतंय?" ते सांगत, आणि जे तिच्या बोटांना कळत नव्हते ते ती त्यांच्या तोंडून ऐके.

शाप उतरला, राज्य सावरले. जशी त्या राज्याची नाडी तालावर आली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरोघरी तालात चालो.