फक्कीची भिंत

केशवगिरी महाराजांचा मुक्काम आंबेगव्हाणच्या मारुतीच्या देवळात होता, तेव्हाची ही हकिकत. गावातले रंभाजी नवे घर बांधायला निघाले होते. पहिली कुदळ महाराजांच्या हातून पडावी, म्हणून त्यांनी महाराजांना बोलावले. रिवाजाप्रमाणे मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने सारे घर आखले होते. भिंत तिथे पांढरी रेघ, दार तिथे रेघेत मोकळी जागा.

रंभाजींच्या धाकट्या भावाची बायको मथुरा महाराजांची भक्त. आखणीतली एक गोष्ट तिला सलत होती. आंधळ्या सासूची खोली स्वयंपाकघराला लागून होती, पण मधल्या भिंतीला दार नव्हते. खोलीत जायचे तर मागून, गोठ्यातून. म्हातारीने हाक मारली तर ती कुणाला ऐकू येणार? आणि पाया भरला की बोलून उपयोग नव्हता. नवरा थोरल्या भावापुढे तोंड उघडत नसे, म्हणून तीच बोलली होती.

"भाऊजी, आत्याबाईंना आतून दार ठेवा."

"म्हणजे पाहुण्यांनी जेवताना तिचा खोकला ऐकायचा?" रंभाजी हसले होते. "देवळात टाळ कुटून घरं आखता येत नाहीत, मथुरे."

महाराज आले. कुदळ बाजूला ठेवून म्हणाले, "आधी घर तर दाखवा."

"मथुरे, तू स्वयंपाकघरात उभी राहा," रंभाजी म्हणाले. "दारानं जा हो, नाहीतर भक्तीच्या भरात भिंतीतून चालशील."

जमलेली मंडळी हसली. मथुरा दाराने गेली. रंभाजींनी महाराजांना गोठ्याच्या आखणीतून म्हातारीच्या खोलीत नेले. महाराज मातीत मांडी घालून बसले.

"तुमच्या आई इथून पाणी कसं मागतील?"

"हाक मारून. दुसरं काय?"

"मारा मग."

मथुरा मधल्या रेघेच्या अलीकडे हातभर अंतरावर होती. भाऊजींचे तोंड उघडलेले तिला दिसले, मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. शब्द मात्र एकही आला नाही. रंभाजींनी चिडून रेघ ओलांडायला पाय उचलला आणि त्यांचे कपाळ कशावर तरी आपटले. समोर नुसता वारा होता, पण त्यांचे तळहात दगड चाचपावेत तसे त्या वाऱ्यावर फिरू लागले. डोळे उघडे होते, पण नजर कशावरच ठरत नव्हती. गोठ्याकडची वाट मागेच होती, तीही त्यांना सापडेना. आता कुणी हसत नव्हते.

महाराजांनी मथुरेकडे पाहिले. ती खाली बसली आणि महाराजांचे नाव घेऊन दोन्ही हातांनी फक्की पुसू लागली.

"कुणी आहे का रे?"

रंभाजींची हाक तिच्या कानावर आदळली. तिने हात पुढे केला. तो धरून रंभाजी पुसलेल्या जागेतून बाहेर आले, तेव्हा त्यांना दिसू लागले. मग परत आत जाऊन त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"महाराज, मी आईला जिवंतपणी गाडत होतो."

"दार झालं," महाराज म्हणाले, "पण अरुंद आहे. म्हातारीला हाताला धरून आणणारं माणूसही बरोबर मावलं पाहिजे."

रंभाजी गुडघ्यांवर बसले आणि उरलेली रेघ पुसू लागले. महाराजांनी कुदळ उचलली, तेव्हाही रंभाजींची मान खालीच होती.