भुईसड्याची ठकू आणि गोडवारं

डोंगरावर अजून सडक चढली नव्हती, आणि खालच्या पेठेतला माणूस वर दिसला तर तो वाट चुकूनच आलेला असे, त्या काळातली ही गोष्ट. घाटमाथ्यावर भुईसडा नावाची गवळी धनगरांची वस्ती आहे. तेव्हाही होती. घरं मोजकी आणि म्हशी उदंड. माणसं कमी बोलत आणि म्हशी जास्त हंबरत. त्या वस्तीवर ठकू नावाची बाई होऊन गेली.

ठकूचं नाक काही औरच होतं. असं म्हणतात, वारा समोरून असला की पलीकडच्या टेकडीवरची कोणती म्हैस व्यायला झाली आहे हे ती आपल्या दारात बसून सांगे. असं म्हणतात, पाणवठ्यावर वाघ येऊन गेला की ती घागर घेऊन अर्ध्या वाटेतूनच परत फिरायची आणि बाकीच्या बाया तिच्यामागून निमूट परतायच्या. आता वाघाला ठाऊक यातलं खरं किती. पण गोडवाऱ्याची गोष्ट खरी आहे, कारण ती सांगणाऱ्या म्हाताऱ्या कधी हसत नाहीत.

गोडवारं म्हणजे म्हशींचा एक आजार. त्याचं असं होतं, की भुईसड्यावर कडजाई देवीचा दिवा बारमाही तेवत असे, आणि त्याला तूप लागे ते नव्यानं व्यालेल्या म्हशीचंच. म्हैस व्याली की देवीचा तुपाचा डेरा भरेपर्यंत तिची धार शेवटच्या थेंबापर्यंत काढायची आणि तिला खायला मात्र नुसतं वाळलं गवत द्यायचं. हिरवं किंवा पेंड दिली तर देवीचं तूप बाटतं, अशी समजूत. याला 'सुकं पाळणं' म्हणत. सगळे पाळत. आणि दर साली जी म्हैस सगळ्यांत दुधाळ, तीच नेमकी आजारी पडे. खाणं सोडायची, दावणीचा खुंटा चाटत बसायची, एकाच जागी गोल गोल फिरायची आणि मरायची. लोक हात जोडून म्हणत, देवीनं आपली म्हैस मागून घेतली.

ठकू सून म्हणून आली त्या वर्षी तिच्या सासूची चांदरी म्हैस अशीच खुंटा चाटायला लागली. कपाळावर चांद असलेली, वस्तीत देखणी म्हैस. ठकूनं तिच्या तोंडाशी नाक नेलं. तिला वास आला, फार पिकून उतरलेल्या फणसासारखा.

"आत्याबाय, हिच्या त्वांडाला गोड वास येतुया."

सासूनं हुंगून पाहिलं. तिला काहीच आलं नाही. तो वास सगळ्यांच्या नाकाला कळतोच असं नाही. सासू म्हणाली, "मला बरा येत न्हाय त्यो? तुला बाई सगळीकडं नाक खुपसायची खोडच हाय."

पण ठकूचं डोकं गप्प बसेना. खायला काही नाही आणि देते आहे चरवी भरभरून. मग दूध येतं कुठून? तिनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. परवा-परवापर्यंत भरलेली पाठ आज हाताला टोचत होती. म्हैस आपलं अंग जाळून दूध देत होती. चुलीत सुकं जळण नसलं की बाई ओलं लाकूड घालते आणि घरभर धूर होतो, तसा हा वास त्या जळण्याचा असणार, असं ठकूला वाटलं. तिनं सासूची नजर चुकवून चांदरीला गुळाचं पाणी पाजलं, पेंड चारली आणि धार अर्धी काढून अर्धी तशीच ठेवली. चांदरीनं खुंटा चाटायचं सोडलं, रवंथ सुरू केलं, आणि एका सकाळी ठकूचा पदर ओढून खायला मागितलं.

सासूला कळायचं ते कळलंच. ती खूप बोलली. मग म्हशीकडे बघत बसली. आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला स्वतःच सांगून आली. तेव्हापासून भुईसड्यावर सुकं पाळणं मोडलं. देवीचा डेरा थोडा उशिरा भरू लागला, पण म्हशी मरेनात. आसपासच्या वस्त्यांवरून ठकूला बोलावणी येऊ लागली. ती जायची, म्हशीच्या तोंडाशी वाकायची, म्हणायची, "गूळ काढा." असं म्हणतात, तिच्या हातचा गूळ पोटात गेला आणि म्हैस उठली नाही असं कधी झालं नाही.

पण ठकू मोठी झाली ती या म्हशींमुळे नाही. ती मोठी झाली एका पोरीमुळे.

वस्तीचा भगत होता धाकलू. देवीचा ढोल त्याच्याकडे, कौल त्याच्याकडे. माणूस सरळ होता, लबाडी त्याच्या अंगात नव्हती. त्याची आणि हौसाची एकुलती एक लेक कौशी, दहा-बारा वर्षांची. एका पावसाळ्यात कौशीला तहान लागली ती शमेचना. तांब्यामागून तांबे प्यायची, रात्रीतून पुन्हापुन्हा बाहेर जायची, जेवायची दोघींचं आणि वाळत मात्र चालली होती. हौसा म्हणायची, वाढतं अंग आहे. नवरात्र आलं आणि कौशीनं अन्न सोडलं. ओकायला लागली. मग डोळे अर्धे मिटून डुलू लागली, काहीबाही पुटपुटू लागली. श्वास असा खोल आणि जोरात, की छाती भात्यागत वरखाली व्हावी. आणि तिच्या तोंडाला सुवास येऊ लागला.

धाकलूचे डोळे भरून आले. साऱ्या आयुष्यात त्यानं दुसऱ्यांच्या अंगात आलेली देवी पाहिली होती. आज आई त्याच्या घरी आली होती, त्याच्या लेकीच्या अंगात, आणि स्वतःचा सुगंध घेऊन आली होती. त्यानं कौशीला देवळात नेऊन बसवलं, मळवट भरला, ढोल सुरू केला. सगळी वस्ती पाया पडायला लोटली. बायका लेकरं तिच्या पायांवर घालू लागल्या. देवी अंगात असताना अन्नपाणी द्यायचं नाही, म्हणून तिला कोणी घोटभर पाणीही दिलं नाही.

ठकू तेव्हा दूरच्या वस्तीवर एका म्हशीपायी गेली होती. ती सकाळी परतली, ढोल ऐकून देवळात आली, पाया पडायला वाकली आणि तशीच थबकली. उतरलेला फणस. तिनं कौशीच्या तोंडाशी नाक नेलं.

"ढोल थांबवा," ती ओरडली. "धाकलू भावजी, ही देवी न्हवं. हे गोडवारं हाय."

धाकलूचा चेहरा उतरला. "वयनी, माझी लेक काय म्हस हाय?"

पण ठकूच्या शब्दाला वजन होतं. ढोल थांबला. ठकूनं गूळ मागवला, पाण्यात कालवला आणि स्वतःच्या हातानं कौशीला पाजला. मग ती तिच्यापाशी बसून राहिली. म्हैस उठते तशी आता पोर उठेल, अशी तिची खात्री होती. पोर उठली नाही. श्वास आणखी खोल गेला. हाक मारली तर नजर वर येईना. ठकू हौसाकडे वळली.

"हौसा, खरं सांग. पोरगी आजारी पडल्यापास्नं घरात काय येगळं बघितलंस?"

हौसा रडत म्हणाली, "काय सांगू जाऊबाय? ती मुताय बसती तितं मुंग्या लागत्यात. येवढंच."

ठकू उठून गेली. धाकलूच्या घरामागं, परड्याच्या कडेला, काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. ती तिथं उकिडवी बसून बघत राहिली. म्हशीच्या अंगातलं गोड संपतं म्हणून तो वास येतो, हे ती जाणून होती. या पोरीच्या अंगातलं गोड तर सांडून बाहेर वाहत होतं. आणि तिनं तिला वरून आणखी गूळ पाजला होता.

दुसरं कोणी असतं तर गप्प राहिलं असतं. इतक्या वर्षांचं नाव होतं. पण ठकू देवळात आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "म्या चुकले. वास त्योच हाय, रोग दुसरा हाय. माझा गूळ हितं इख झाला. हिला खाली पेठंच्या दवाखान्यात न्याय पायजे, आत्ताच्या आत्ता."

आता मात्र धाकलू आडवा आला. त्याच्या मनात परत देवी उभी राहिली होती. "आई अंगात असताना पोरगी उंबऱ्याभाईर न्हेली तर कोप हुईल. वस्तीच्या म्हशी आटतील. मग खायचं काय सगळ्यांनी?"

लोक मागं सरले. म्हशी आटणं म्हणजे भुईसडा उठणं. ठकूनं देवीसमोर कपाळ टेकलं. "आये, कोपायचं तर माझ्यावर कोप. आटायच्या तर माझ्या म्हशी आटू देत. ह्या लोकांचं काय घिऊ नगंस." मग ती उठली आणि धाकलूकडे पाठ करून खाली बसली, कोणीतरी पोर पाठीवर द्यावी म्हणून. कोणी हललं नाही. शेवटी हौसा पुढे झाली. तिनं आयुष्यात नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता. तिनं लेकीला उचललं, ठकूच्या पाठीवर घातलं आणि स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून घट्ट बांधलं.

ठकू उतरू लागली. असं म्हणतात, त्या दिवशी कारवीचं रान तिला वाट देत गेलं. असं म्हणतात, वाटेत एक गवा आडवा उभा होता, त्यानं कौशीचा श्वास हुंगला आणि मान खाली घालून बाजूला झाला. चांदरी म्हैस दावं तोडून मागून आली होती, हे मात्र सगळे सांगतात. खाली नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती आणि नाव पलीकडच्या काठाला होती. ठकूनं हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात त्या बुडाल्या. तेव्हा चांदरी आपणहून पाण्यात उतरली आणि मागं वळून उभी राहिली. ठकूनं पोरीला तिच्या पाठीवर निजवलं, एका हातानं पोरीला धरलं, दुसऱ्या हातानं शिंग धरलं, आणि म्हातारी म्हैस त्या दोघींना घेऊन पोहत पार झाली. असं म्हणतात, कौशीचा केससुद्धा भिजला नाही.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कौशीचे डोळे पाहिले, मग वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. ठकू आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तसं वाकताना बघत होती.

"हे कुणी ओळखलं?" बाईंनी विचारलं.

"वास वळाखला बाई, पर रोग न्हाय वळाखला. असाच वास येणाऱ्या उपाशी म्हशीला पाजते तसा म्या हिला गूळ पाजला. पोर मेली तर माझ्यामुळं."

"तुम्ही आणलंत, बाई. तेवढ्यानं ती जगेल," डॉक्टरीण म्हणाल्या आणि कामाला लागल्या. शिरेतून मिठाचं पाणी सोडलं, नवीन आलेलं एक औषध सुईनं टोचलं. टोचता टोचता त्यांनी ठकूला समजेल असं सांगितलं. या मुलीच्या अंगात गोड भरपूर आहे, पण ते तिला लागत नाही. कणगी धान्यानं भरलेली, पण तिला कुलूप, आणि घरातली माणसं उपाशी. मग अंग चरबी जाळतं, तुमच्या म्हशीसारखंच, आणि ते जळणं रक्तात विष होतं. हे औषध म्हणजे त्या कुलपाची किल्ली.

"कशाचं करत्यात बाई हे?"

"गुरांच्याच पोटातल्या एका गाठीतून काढतात."

ठकू उठली. ती बाहेर आली. फाटकाशी चांदरी ओलीचिंब उभी होती. ठकूनं तिच्या गळ्याला मिठी घातली आणि मोठ्यानं रडली.

कौशीनं डोळे उघडले तेव्हा धाकलू तिच्या उशाशी होता. नदी उतरताच तो हौसाला घेऊन आला होता. त्यानं ठकूच्या पायांना हात लावला आणि तिनं त्याला तिथल्या तिथं झापलं, "लेकीजवळ बसा भावजी, पाया काय पडताय!" कौशीला रोज सुई लागणार होती, म्हणून हौसा तिला घेऊन पेठेतच राहिली. पुढं कौशी आपल्या हातानं सुई टोचायला शिकली, तिचं लग्न झालं, तिनं नातवंडं पाहिली.

आणि ठकूच्या म्हशी खरंच आटल्या. काही म्हणतात, देवीनं तिचा शब्द धरला. काही म्हणतात, धनीण दवाखान्यात बसून राहिली, धारा काढायला कोणी नाही, मग आटतील नाही तर काय होईल? ठकूला विचारलं तर ती म्हणायची, "आटल्या तर आटल्या, परत येतील की." पुढच्या वेताला त्या दुधाला आल्या.

पुढच्या नवरात्रात एका बाईच्या अंगात आलं. लोक पाया पडायला पुढं झाले. धाकलूनंच हात वर केला आणि ढोल थांबवला. "वयनी," तो म्हणाला, "आदी तुमी बघा."

तेव्हापासून भुईसड्यावर ठकूचा मान चालत आला आहे. म्हैस व्याली की घरची बाई पहिल्या धारेआधी तिच्या तोंडाचा वास घेते. आणि जत्रेत कुणाच्याही अंगात आलं, तरी ज्या बाईच्या नाकाला तो वास कळतो ती आधी पुढं होते, घुमणाऱ्याच्या तोंडाशी वाकते, आणि ती मान हलवेपर्यंत कोणी पाया पडत नाही. वास आला तर आधी दवाखाना. देवी तोवर थांबते, असं म्हणतात.

मागं एकदा तो वास खरंच आला होता. नवी लग्न होऊन आलेली सून घुमत होती. तिला मळवटासकट जीपमध्ये घालून खाली नेली. यंदाच्या जत्रेत वास बघायचा मान तिचाच होता.