वाऱ्याचा पाहुणचार

द्राक्षमळ्यांच्या गावात बाटल्याही बोलायच्या, त्या काळची ही गोष्ट. लाल वाइनच्या एका बाटलीच्या तोंडाशी एक बूच वर्षानुवर्षं पहारा देत होतं. वाऱ्याला त्यानं कधी आत फिरकू दिलं नाही.

एका संध्याकाळी घरी पाहुणे आले आणि मालकिणीनं बूच उपटून टेबलावर ठेवलं. वारा लगेच आत शिरला. "गेलं सगळं," म्हणत बूच हळहळलं.

पण झालं भलतंच. इतकी वर्षं कोंडलेली वाइन आधी घुमी होती, जिभेला तुरट लागत होती. वाऱ्याशी गप्पा मारता मारता ती खुलली. जांभळासारखा वास दरवळला आणि पाहुण्यांनी पेले पुन्हा पुढे केले. बूच खजील झालं.

पाहुणे गेले, अर्धी बाटली उरली. वारा मात्र रेंगाळतच होता.

"आता त्याला निरोप दे आणि मला आत घे," बूच म्हणालं.

"जळकं मेलं," वाइन फणकारली. "त्यानंच मला बोलतं केलं. तो इथंच राहील."

तेवढ्यात फडताळातून व्हिनेगरची बाटली आंबट हसली. "राहू दे की बाई. मीही वाइनच होते. मलाही तो असाच आवडला, म्हणून मुक्कामाला ठेवून घेतला."

वाइनचा फणकारा उतरला. मग हळूच म्हणाली, "बुचा, ये बाबा."

बूच खालून फुगलं होतं, सरळ आत जाईना. मानपान बाजूला ठेवून ते डोक्यावर उभं राहिलं आणि उलटंच आत बसलं. बाहेर पडून ताटकळलेल्या वाऱ्याला ते म्हणालं, "उद्या संध्याकाळी अवश्य या. पण जेवणं झाली की निघायचं."