पिंगला घोडीचे दात

पूर्वी कुंभवती नगरीत सुषेण नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व घोड्यांच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. दर वर्षी तो उत्तरेकडून घोडे आणी, आणि त्याने चांगला म्हटलेला घोडा चांगलाच निघे.

राजाची पिंगला नावाची लाडकी घोडी होती. दहा वर्षे ती त्याच्या हातून गूळ खात आली होती. त्या वर्षी मात्र ती रोडावली. लगाम घालू गेले की मान झटकी, आणि एके दिवशी तिने भर चौकात राजाला खाली टाकले. अश्वपाल भद्रक म्हणाला, "घोडी माजली आहे, महाराज." आपली हयगय झाकायला जनावराचा स्वभाव फार सोयीचा पडतो. राजाने चिडून हुकूम दिला की, पिंगलेला वाघांच्या रानात सोडून द्यावे आणि नवा घोडा घ्यावा.

बोधिसत्त्व घोडे घेऊन आला तेव्हा पिंगलेला बाहेर काढीत होते. तो गप्प बसता तर चालून आलेली लक्ष्मी त्याचीच होती. पण त्याची नजर गव्हाणीकडे गेली. तिथे अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे पडले होते.

त्याने भद्रकाला विचारले, "हिचे दात कधी पाहिलेत?"

"पाहिले की. विकत घेतली तेव्हा. चार वर्षांची होती."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? तिचे वय आता आम्हालाच ठाऊक आहे."

बोधिसत्त्वाने राजाला बोलावून घेतले. पिंगलेच्या जबड्यात लाकडी ठोकळा बसवून तो म्हणाला, "महाराज, दाढेवरून बोट फिरवा."

राजाने बोट आत घातले आणि झटकन बाहेर काढले. बोटाला रक्त आले होते. दाढांच्या कडा वाढून धारदार झाल्या होत्या, गाल आतून सोलला होता आणि एक दाढ किडून हलत होती.

राजाला फार लाज वाटली. "हे तोंड घेऊन ती मला वाहत होती," तो म्हणाला, "आणि मी वर लगाम ओढत होतो."

बोधिसत्त्वाने किडकी दाढ उपटली, बाकीच्या कानशीने घासल्या आणि मिठाच्या पाण्याने तोंड धुतले. पाचव्या दिवशी पिंगला भिजवलेले हरभरे खाऊ लागली.

राजा खूश होऊन म्हणाला, "तरीही तुझे दोन घोडे मी घेतो."

"नाही, महाराज. जिथे दात फक्त विकत घेताना पाहतात, तिथे मी घोडा देत नाही. दहा वर्षांनी तोही याच रानाच्या वाटेला लागेल. वर्षभर दर पौर्णिमेला प्रत्येक जनावराचे तोंड पाहा. मग मी येईन."

राजाने ते मानले. घोडे, शिकारी कुत्रे, राणीची मांजर, कोणी सुटले नाही. मांजरीने भद्रकाला दोनदा ओरबाडले, पण पौर्णिमा चुकली नाही. वर्षाने बोधिसत्त्व आला आणि त्याने आपला सर्वांत उमदा घोडा राजाला दिला.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज समोर बसलेला उपासक धर्मपाल. भद्रक म्हणजे आजाऱ्याला 'काही झालेले नाही' म्हणून उठवणारा भिक्खू सुनंद. पिंगला म्हणजे आपले दुखणे कधी न सांगणारी भिक्खुणी वसुमती, आणि तो व्यापारी मीच होतो. भिक्खूंनो, मुक्याने सांगायची वाट पाहू नका. त्याचे दुखणे आपण होऊन शोधावे, यालाच करुणा म्हणतात."