गदाधराचा अनध्याय

‘अनध्याय’ हा शब्द आता बोलण्यातून गेला आहे. क्वचित तो भेटलाच, तर लोक त्याचा अर्थ ‘सुट्टी’ असा करतात. तो अर्थ उणा आहे. आकाश गडगडले, दारी अतिथी आला, कोल्हा ओरडला, किंवा पाठ चालू असता गुरू आणि शिष्य यांच्यामधून एखादा प्राणी गेला, तर त्या दिवशी गुरूने नवा पाठ देऊ नये, असा जुन्या पाठशाळांचा दंडक होता. त्याला अनध्याय म्हणत. नवा पाठ नसे, एवढेच. जुन्याची उजळणी करण्यास कोणाची आडकाठी नसे.

कुरणवाडी गावी त्रिविक्रमशास्त्री यांची पाठशाळा होती. तेथे गदाधर नावाचा विद्यार्थी गणित शिकत असे. बुद्धी चलाख, वाणी स्वच्छ. मन मात्र टोळासारखे, या पातीवरून त्या पातीवर उडणारे. लहानपणी त्याने सूर्यग्रहण पाहिले होते. पैठणच्या ज्योतिष्यांनी आधी सांगितलेल्या घटकेलाच ते लागले. तेव्हापासून पैठणला जावे आणि हे गणित शिकावे, या एकाच इच्छेने त्याला घेरले होते.

इच्छा मोठी होती. पण पाठाला बसले की पाय शिवशिवत. मग तो अनध्यायाची वाट पाही. कोल्हे दिवसा ओरडत नसत, अतिथी रोज येत नसत आणि आकाश त्याच्या आज्ञेत नव्हते. उरला प्राणी. गदाधराने एक मांजर हेरले. पाठाच्या वेळी ओसरीच्या पलीकडच्या खांबाशी तो आपल्या वाटणीच्या दहीभाताचा घास ठेवू लागला. काही दिवसांतच मांजर ठरल्या वेळी येऊन गुरुशिष्यांच्या मधून सरळ घासाकडे जाऊ लागले. शास्त्रीबोवा नियमाचे पक्के. ते पोथी मिटत.

“गदाधरा, आज येणार ना रे तुझं मांजर?” त्याचा सहाध्यायी रंगनाथ हळूच विचारी. “पोहायला जायचंय.”

“येणार म्हणजे काय! तयार केलंय मी त्याला.”

शास्त्रीबोवांच्या पत्नी यमुनाकाकू हे सारे स्वयंपाकघराच्या दारातून पाहत. एकदा त्या म्हणाल्या, “या पाठशाळेत वेळेवर येणारा विद्यार्थी एकच. आणि त्याला शेपूट आहे.”

सर्व हसले; गदाधर सर्वांत मोठ्याने.

माघात निरोप आला. पैठणचे ज्योतिषी माधवाचार्य वैशाखात कुरणवाडीस येणार होते. जो विद्यार्थी गणिताची सर्व सूत्रे मुखोद्गत म्हणेल आणि एक उदाहरण सोडवील, त्याला ते बरोबर नेणार होते. असे ते कैक वर्षांतून एकदाच येत.

गदाधराचे हसू मावळले. तो पोथी घेऊन बसला. पण त्याच्या कानांना आता वेगळेच वळण लागले होते. पान सळसळले की जीभ थांबे, खट्ट झाले की मान वळे. त्याने स्वतःचा कान पिळला, स्वतःला दूषणे दिली, शेंडी खुंटीला बांधून पाहिली. डुलकी थांबली, मन थांबले नाही.

अखेर तो गुरूंपुढे उभा राहिला. “गुरुजी, मला घरी पाठवा. माझ्या ठायी एकाग्रता नाही. देवानं ती दिलेलीच नाही.”

शास्त्रीबोवा अडकित्त्याने सुपारी कातरत होते. “नसेल बुवा. बरं, मला एवढं सांग. ते मांजर तू शिकवलंस कसं?”

गदाधराची मान खाली गेली. “गुरुजी, आपल्याला ठाऊक होतं?”

“पहिल्याच दिवसापासून. मांजर दहीभाताकडे जातं, हे कळायला शास्त्र लागत नाही. सांग.”

“रोज एकाच वेळी घास ठेवला. एकाच खांबाशी. लहानसाच ठेवायचा, मोठा ठेवला की ते खाऊन तिथंच झोपे.”

“एखादा दिवस चुकलास?”

“नाही गुरुजी. ताप होता तेव्हाही उठून ठेवला.”

“आणि दचकून पळालं तर?”

“सुरुवातीला पळायचंच. मी गप्प बसून राही. मग परत येई.”

“काठी नाही उगारलीस?”

“छे! मग ते पुन्हा फिरकलंच नसतं.”

शास्त्रीबोवांनी सुपारीचे खांड तोंडात टाकले. “मग मनालाच का झोडपतोस? ते काय मांजराहून निर्बुद्ध आहे?”

गदाधर ओशाळला, आणि मग त्याला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून मांजराचा घास स्वयंपाकघराच्या मागे गेला आणि गदाधर त्या खांबाशी बसू लागला. दुपार कलली की तो तेथे असे. एका बैठकीला एकच सूत्र घेई. मन पळाले की रागावत नसे. ते परतले की सूत्र पहिल्या अक्षरापासून धरी. आरंभी मन पुष्कळ हिंडे. पुढे त्यालाही त्या जागेची चव लागली.

चैत्रात एके दुपारी ढग गडगडले. वादळी वारा सुटला. शास्त्रीबोवांनी पोथी मिटली आणि मुले उठून पळाली.

“अरे, ऊठ!” रंगनाथ ओरडला. “हा देवानं दिलेला अनध्याय आहे, तुझ्या मांजराचा नव्हे. आमराईत कैऱ्यांचा सडा पडला असेल!”

कैरी म्हणजे गदाधराचा जीव की प्राण. तो उठला. पायरीपर्यंत गेलाही. तेथे थबकला.

“नवा पाठ नाही,” तो म्हणाला. “जुना आहेच की.”

“एका दिवसानं काय बिघडतं रे?”

“घास एक दिवस चुकला असता, तर मांजर शेजारच्या ओसरीवर गेलं असतं. तू जा. माझ्यासाठी दोन कैऱ्या आण.”

“दोन कसल्या, पंचा भरून आणतो. तू बस घोकत!” असे म्हणून रंगनाथ पळाला. ओस पडलेल्या पाठशाळेत एकच आवाज सूत्रे म्हणत राहिला.

वैशाखात माधवाचार्य आले. ओसरीवर सारा गाव जमला. गदाधराने सूत्रे म्हणण्यास आरंभ केला आणि निम्म्याहून पुढे गेला. तोच रस्त्याने वरात आली. ताशे कडाडले, सनई चढली, नवरदेवाचा घोडा उधळता उधळता राहिला. सर्वांच्या माना तिकडे वळल्या. गदाधराचीही वळली. शब्द तुटला.

रंगनाथाने ओठ चावला. गदाधराने क्षमा मागितली नाही की कपाळावर हात मारला नाही. त्याने डोळे मिटले, ते सूत्र पहिल्या अक्षरापासून धरले आणि ताशे वाजत असतानाच सर्व सूत्रे शेवटास नेली. मग उदाहरणही सोडवले.

“शास्त्रीबोवा,” माधवाचार्य म्हणाले, “न अडखळणारे मला पुष्कळ भेटतात. ते एकदा अडखळले की संपले. ग्रहणाचं गणित लांबलचक. त्यात मन वाटेत सुटायचंच. ते सुटलं तिथून परत आणणारा मला हवा आहे.” मग ते गदाधराकडे वळले. “काय बघतोस? पडशी बांध.”

ही कथा सांगताना बहुतेक जण म्हणतात की, गदाधर इतका तल्लीन झाला होता की त्याला ताशे ऐकूच आले नाहीत. हे खरे नव्हे, आणि हितकारकही नव्हे. ते ऐकून मुलांना वाटते की, ज्याला ताशे ऐकू येतात त्याच्या नशिबी विद्या नाही. गदाधराने ताशे ऐकले, घोडा पाहिला, नवरदेवाचा तिरका झालेला फेटादेखील पाहिला. आणि मग तो आपल्या सूत्राकडे परतला.

तात्पर्य: भटकलेले मन न रागावता पुन्हा पाठावर आणावे आणि हे रोज ठरल्या वेळी करावे, याच नेमाला पुढे लोक एकाग्रता म्हणू लागतात.